पॉइंट कोणाच्या खात्यावर?

चातुर्मास संपला आणि माझ्या भाच्याचा पहिला परदेश प्रवास ठरला. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरची हळद आणि बेदाण्याची पेढी आहे. तीन भाऊ, एकच चूल, एकच तिजोरी. दुबईत दरवर्षी ‘गल्फूड’ हे खाद्यपदार्थांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते. आजवर आपली हळद मुंबईच्या निर्यातदारामार्फत तिकडे जात होती. आता घरातल्या कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन गिऱ्हाईक पाहावे, असे थोरल्या अण्णांनी ठरवले. सफाईने इंग्रजी बोलणारा घरात एकच, म्हणून ती कामगिरी भाच्याकडे आली. तिकीट काढताना संगणकाने त्याला सदस्य क्रमांक विचारला आणि त्याने मला फोन लावला. “मामा, इथे प्रत्येक विमान कंपनी मेंबर व्हा म्हणते. पैसे काहीच नाहीत. सगळ्यांचाच होऊन टाकू का?”

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या कानावर ‘खाते’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द एकाच वेळी पडले की तो सावध होतो. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले आणि या योजनांची नियमावली वाचायला बसलो. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचण्याची सवय सुटता सुटत नाही.

ही प्रथा तशी जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली आणि पाठोपाठ इतर कंपन्याही त्यात उतरल्या. त्यामागचा हिशेब आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावा लागत नाही. विमानातली खुर्ची हा नाशवंत माल आहे. विमान आकाशात गेले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. भाजीपाला निदान संध्याकाळी उतरत्या भावाने तरी विकता येतो. तेव्हा जी खुर्ची नाहीतरी रिकामी जाणार, ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस म्हणून द्यावी आणि त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढू देऊ नये, एवढाच तो विचार होता. प्रवास जितक्या मैलांचा तितके ‘माइल’ जमा होत, त्यावरूनच ते नाव पडले. पुढे गणित बदलले. अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये अंतराऐवजी मोजलेल्या भाड्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. आपल्या एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. स्वस्त तिकीट काढून लांब जाणाऱ्यापेक्षा महाग तिकीट काढून जवळ जाणारा आता कंपनीला अधिक प्रिय आहे.

मला सर्वांत रंजक वाटली ती ताळेबंदातली बाजू. आपल्या खात्यावर जमा झालेला पॉइंट हे कंपनीच्या पुस्तकात देणे असते. तिकिटाच्या पैशांतला काही भाग ती लगेच उत्पन्नात घेत नाही, पुढच्या सेवेपोटी बाजूला दाखवते. आपण तो पॉइंट वापरला किंवा तो मुदतीअभावी बुडाला की मग ती रक्कम उत्पन्नात जाते. शिवाय या कंपन्या आपले पॉइंट बँकांना घाऊक भावात विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात. हा धंदा इतका भरभराटला की २०२० च्या महामारीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली पॉइंट योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने तशाच तारणावर ९ अब्ज उचलले आणि २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज. कर्ज विभागात मी गहाणखते तपासली. त्यांत जमीन, गोदाम, माल, यंत्रे सर्व काही पाहिले. गिऱ्हाइकाच्या परत येण्याच्या सवयीवर इतके कर्ज मिळालेले मात्र पहिल्यांदाच वाचले.

तेव्हा भाच्याला मी सांगितले ते असे की, पॉइंट हे कंपनीने स्वतः छापलेले चलन आहे आणि तुझे खाते म्हणजे त्या चलनातली ठेव. या ठेवीवर व्याज नाही. बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, इथे एका रुपयाचेही नाही. बँकेत दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, पण ठेवीदार किंवा त्याचा वारस पुढे कधीही ती मागू शकतो. इथे मुदत संपली की प्रश्न मिटला. एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’ आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ या योजनांत साधारण तीन वर्षांनी माइल बाद होतात. डेल्टा आणि युनायटेड मुदत लावत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विनिमयाचा दर छापणाराच ठरवतो. आज जे तिकीट बारा हजार पॉइंटांत मिळते त्याला उद्या अठरा हजार लागतील, आणि त्याविरुद्ध दाद मागायला कोणतेही लोकायुक्त कार्यालय नाही.

छापणाराच नाहीसा झाला तर? किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झाले. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्याने ती नाव बदलून मागे उरली, पण ज्या विमानासाठी लोकांनी पॉइंट साठवले ते विमानच उरले नाही. सगळेच वाईट घडते असेही नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. ती योजना आता ‘महाराजा क्लब’ या नावाने ओळखली जाते.

मग निवड कशी करायची? नवखा माणूस जिथे पहिले तिकीट काढतो तिथेच खाते उघडतो. भाचाही तेच करणार होता. दुबईला जायचे, एमिरेट्स दुबईची, म्हणून एमिरेट्स. मी त्याला उलट बाजूने विचार करायला लावला. पॉइंट कुठे मिळतात हा प्रश्न सोपा आहे, ते कुठे खर्चायचे हे आधी ठरव. तुमच्या घरातल्या कोणाला पुढच्या दोन-तीन वर्षांत विमानाने कुठे जायचे आहे?

उत्तर घरातच होते. अण्णांची मुलगी न्यू जर्सीत आहे आणि मोठ्या काकींना एकदा तिच्याकडे जायचे आहे. पासष्टीच्या, इंग्रजी न येणाऱ्या, सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या बाईला मधल्या विमानतळावर मध्यरात्री विमान बदलायला लावणे मला पटत नाही, मग पॉइंट कितीही मिळोत. तिच्यासाठी एका झेपेत नेणारे विमान हवे, आणि भारतातून न्यूयॉर्कच्या परिसरात थेट जाण्यासाठी एअर इंडियाचा विचार पहिल्यांदा करावा लागतो. दुसरे म्हणजे, हळदीच्या खरेदी-विक्रीसाठी भाचा वर्षातून चार-पाच वेळा निजामाबाद आणि इरोडला जातो, म्हणजे हैदराबाद आणि कोइमतूरला उतरतो. देशातल्या विमान प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक प्रवासी इंडिगो नेते आणि तिने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ नावाची स्वतःची योजना काढली आहे. तेव्हा देशात एक आणि परदेशासाठी एक, अशी दोनच खाती पुरेत, या निष्कर्षावर आम्ही आलो. पाच खात्यांत चारचारशे पॉइंट म्हणजे पाच खिशांत ठेवलेली चिल्लर; कोणत्याच खिशातून काही विकत घेता येत नाही.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांना ती कोणी सांगत नाही. एका कंपनीच्या विमानात बसून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पॉइंट जमा करता येतात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टार अलायन्स’ या संघात लुफ्तान्सा, सिंगापूर, युनायटेड, टर्किश अशा अनेक कंपन्या आहेत आणि जुलै २०१४ पासून एअर इंडियाही आहे. त्यामुळे भाचा उद्या लुफ्तान्साने फ्रँकफर्टला गेला तरी तिकिटावर महाराजा क्लबचा क्रमांक घालू शकतो. आमच्या समाशोधनगृहात एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेत वटत असे, तसाच हा प्रकार. मात्र एका प्रवासाचे पॉइंट एकाच खात्यात जातात, आणि अगदी स्वस्त श्रेणीच्या तिकिटावर दुसऱ्याच्या खात्यात फार थोडे किंवा मुळीच काही जमा होत नाही. एमिरेट्स आणि इंडिगो अशा कोणत्याही संघात नाहीत. त्यांचे ठरावीक भागीदारांशी स्वतंत्र करार असतात.

पॉइंटची किंमत काढायला मी भाच्याला एक साधी रीत दिली. समजा, एखाद्या तिकिटाचे रोख भाडे ९,००० रुपये आहे. तेच पॉइंटांवर घेतले तर १२,००० पॉइंट आणि करापोटी १,८०० रुपये रोख द्यावे लागतात, कारण ‘मोफत’ तिकिटावरही विमानतळाचे शुल्क आणि कर सुटत नाहीत. म्हणजे १२,००० पॉइंटांनी ७,२०० रुपये वाचवले. एक पॉइंट साठ पैशांचा. आता दुबईच्या फेरीत दोन हजार पॉइंट मिळणार असतील तर ते १,२०० रुपये झाले. दुसऱ्या कंपनीचे तिकीट ४,००० रुपयांनी स्वस्त असेल तर कोणते घ्यायचे, हे यार्डात लिलावाला उभ्या राहणाऱ्या मुलाला सांगायला नको. भाव एकच असेल तेव्हा पॉइंट पाहावेत. दुबईच्या एक-दोन फेऱ्यांतून अमेरिकेचे तिकीट निघत नाही, हेही मी त्याला स्पष्ट सांगितले. काकींच्या तिकिटाचे पैसे पेढीलाच भरावे लागतील. पॉइंटांतून झाला तर मुंबईपर्यंतचा एखादा टप्पा किंवा त्यांच्या खुर्चीची श्रेणी वाढवणे, एवढेच व्हायचे.

विमान कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड मात्र त्याने घेऊ नये असे माझे मत आहे, निदान पहिले वर्षभर तरी. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला ते लाभाचे असते. पण बाकी राहिली तर त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला बेचाळीस, वर वस्तू व सेवा कर. मार्चअखेरीस उधारी अडकलेल्या व्यापाऱ्याच्या हातून बिल राहून जाते हे मी काउंटरच्या आतून पुष्कळ पाहिले आहे. चांदी, सोनेरी अशा ज्या पायऱ्या असतात त्यांच्याकडेही दोन-चार फेऱ्यांच्या प्रवाशाने पाहू नये. त्यांचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि वर्ष संपले की तो पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

काही बारीकसारीक गोष्टी. खात्यावरचे नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्या घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘कुमार’ असतो, आधार कार्डावर नसतो, पारपत्रावर वडिलांचे नाव मध्ये येते. जुळले नाही तर पॉइंट जमा होत नाहीत. प्रवास संपल्यावरही बोर्डिंग पास जपून ठेवावा, कारण राहिलेले पॉइंट मागताना तोच पुरावा असतो, आणि त्या मागणीलाही मुदत असते. खात्यात जेवणाची पसंती नोंदवता येते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या जैन भोजनासाठी विमान कंपन्यांचा ‘व्हीजेएमएल’ हा ठरलेला संकेत आहे. तो एकदा नोंदवला म्हणून निर्धास्त राहू नये. प्रत्येक तिकिटावर उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी तो लागला आहे ना, हे पाहावे. माझ्यापुरते बोलायचे तर सदस्यत्वाचा हा एकच फायदा मला निर्विवाद वाटतो.

एवढे ठरले आणि मला वाटले विषय संपला. पण खरी अडचण पुढेच होती. एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सगळे बसले असताना, मधले भाऊ तात्या यांनी भाच्याला विचारले, “तिकिटाचे पैसे पेढीचे. मग पॉइंट तुझ्या एकट्याच्या नावावर का?” तात्या स्वभावाने अबोल. गेली तीस वर्षे गादीवर तेच बसतात. बाकीचे बाहेरगावी जाऊ शकतात ते त्यांच्यामुळेच. भाचा दुखावला. “मी काय चोरी केली?” म्हणून ताटावरून उठला. रात्री बहिणीचा फोन आला. “दादा, पाच-सातशे रुपयांच्या गोष्टीवरून घरात कोणी बोलेना झालंय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला बरा वाटला नाही. एकत्र घरे मोठ्या रकमांवरून तुटतात असा लोकांचा समज आहे. कर्जाच्या फायलींतून वाटणीपत्रे वाचलेल्या माझ्यासारख्याला तसे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरहून सांगलीला गेलो. तात्यांचा प्रश्न मला योग्यच वाटला होता आणि मी तो भाच्यासमोरच योग्य ठरवला. पेढीच्या चालू खात्यातली रक्कम एका भागीदाराच्या बचत खात्यात परस्पर वळली असती तर आम्ही तपासणीत शेरा मारला असता. पण या योजनांचा नियमच असा की, पैसे कोणीही भरोत, पॉइंट खुर्चीत बसणाऱ्याच्या नावावर जातात. ते पेढीच्या नावावर घेता येत नाहीत. बँकेच्या ठेवीला नामनिर्देशनाचा कायदेशीर आधार आहे. इथे सदस्य गेला तर पॉइंट वारसाला देणे न देणे पुष्कळदा कंपनीच्या मर्जीवर राहते. भाच्याच्या हातून काही वावगे झाले नव्हते आणि तात्यांची शंकाही खोटी नव्हती. नियम एक सांगत होता, घराचा न्याय दुसरे.

त्यातून निघालेली वाट अशी. एअर इंडिया आणि एमिरेट्स या दोघांकडेही कुटुंबीयांचे पॉइंट एका ठिकाणी गोळा करण्याची सोय आहे. सिंगापूरच्या योजनेत आपल्या माइलवर ज्यांना तिकीट देता येईल अशा पाच जणांची नावे नोंदवता येतात. कोणाला सामील करता येते याचे नियम कंपनीगणिक वेगळे, म्हणून खाते उघडण्यापूर्वीच ते वाचावेत. महाराजा क्लबात भाच्याबरोबर मोठ्या काकींचे नाव घालायचे ठरले. शिवाय काही कंपन्या लहान उद्योगांसाठी वेगळी योजना ठेवतात. एमिरेट्सची ‘बिझनेस रिवॉर्ड्स’ आणि सिंगापूरची ‘हायफ्लायर’ या तशा आहेत. त्यांत प्रवाशाला त्याचे पॉइंट मिळतातच आणि त्याच तिकिटावर पेढीच्या नावानेही जमा होतात. पेढीच्या पैशाने वारंवार फिरणाऱ्या घरांनी ही नोंदणी प्रथम करावी. आम्ही ठरवले की, भाच्याने त्या कंपन्यांचे तिकीट काढण्याची वेळ आली तर आधी पेढीचे नाव नोंदवायचे आणि मगच तिकीट.

उरला प्रश्न देशातल्या पॉइंटांचा. तात्यांची मुलगी दिल्लीला शिकते आणि दिवाळीच्या सुटीत तिचे पुण्यापर्यंतचे तिकीट दरवर्षी महाग पडते. त्या खात्यातले पॉइंट नियमांत बसेल तसे तिच्यासाठी वापरावेत, असे भाच्याने आपणहून सुचवले. तात्या काही बोलले नाहीत, पण त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कुठून कुठे, तिसऱ्यात भाडे कोणी भरले, चौथ्यात किती पॉइंट जमा आणि पाचव्यात बाद होण्याची तारीख. पाचवा रकाना माझा आग्रह होता. सहावा, ‘कोणासाठी खर्च’, हा त्यांनी स्वतः आखला.

भाचा दुबईला जाऊन आला. तीन ग्राहकांनी नमुने मागवले आहेत, त्यांतला एक बेदाण्याचा. बोर्डिंग पास त्याने उतरल्याबरोबर तात्यांच्या हातात दिले. पॉइंट जमा व्हायला बारा दिवस लागले. तोवर तात्या रोज सकाळी पेढी उघडल्यावर त्याला विचारत होते, आले का?